कानशीपासून चंद्रापर्यंत

महाराष्ट्रात दरवर्षी दहावीच्या परीक्षेला किती मुलं बसतात? सुमारे १५ लाख! आकडा वाचून लगेच पुढच्या ओळीवर जाऊ नका, जरा थांबा. या मुलांना आपण गाडीत बसवून बघू. वंदे भारत घ्या, १६ डब्यांची, १,१२८ आसनांची. प्रत्येकाला हक्काचं आसन, कुणी दारात लोंबकळायचं नाही. किती गाड्या लागतील? १,३३०! एक गाडी साधारण ३८४ मीटर लांब. आता या गाड्या एकीच्या शेपटीला दुसरीचं नाक लावून रुळावर उभ्या करा. पहिली सीएसएमटीच्या फलाटावर. रांग दादर, ठाणे, कल्याण, कर्जत करत घाट चढते, १९२ किलोमीटरवर पुणे गाठते आणि संपत नाही. पुण्याहून वळून परत मुंबईला येते, तरी संपत नाही. तिसऱ्यांदा निघते, पुन्हा घाट चढते आणि लोणावळ्याच्या तोंडाशी कुठे शेवटचा डबा दिसतो. ५१० किलोमीटर लांबीची रांग! तीही एका राज्याच्या एका वर्षाच्या एकाच इयत्तेची.

यातली किती मुलं हातात हत्यार घेऊन एखादा ट्रेड शिकायला जाऊ शकतात? राज्यात चारशेहून अधिक शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत, म्हणजे आपल्या रोजच्या बोलण्यातल्या आयटीआय. खासगी संस्था वेगळ्या. सगळ्या मिळून दरवर्षी प्रवेशाच्या सुमारे दीड लाख जागा. बसवा गाडीत! १३३ गाड्या, ५१ किलोमीटर. सीएसएमटीहून निघालेली रांग डोंबिवली ओलांडते आणि कल्याण समोर दिसायला लागतं तिथे थांबते. फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन, टर्नर, वायरमन, डिझेल मेकॅनिक, कोपा (म्हणजे कॉम्प्युटर ऑपरेटर), ड्रेस मेकिंग. सीएसएमटी ते कल्याणच्या वेशीपर्यंत, दर वर्षी, नुसते होऊ घातलेले कारागीर!

आता खिडकी मोठी करा. पूर्ण देश बघा. १९५० साली कारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली तेव्हा देशात अशा जेमतेम ५० संस्था होत्या. आज जवळपास १५ हजार आहेत. ३०० पट! हिशेब मांडून बघा: ७५ वर्षांत १५ हजार म्हणजे वर्षाला २००, म्हणजे दर दोन दिवसांनी एक नवी संस्था. सोमवारी एक, बुधवारी एक, शुक्रवारी एक. दिवाळी नाही, गणपती नाही, सुट्टी नाही, सलग ७५ वर्षं! आणि या संस्थांमध्ये मंजूर जागा किती? सुमारे २५ लाख. वंदे भारतच्या २,२१६ गाड्या, ८५१ किलोमीटर. मुंबईहून नागपूर रेल्वेने ८३७ किलोमीटर आहे. म्हणजे इगतपुरीचा घाट, नाशिक, मनमाड, जळगाव, भुसावळ, अकोला, बडनेरा, वर्धा आणि नागपूर. या सगळ्या वाटेवर गाडीला गाडी खेटून उभी, आणि तरी काही गाड्या नागपूरच्या पलीकडे उरलेल्या. प्रत्येक आसनावर एका कारागिराची जागा राखलेली.

आता एक टोचणारी गोष्ट, तीही याच मापाने. अलीकडेच अशी वर्षं गेली आहेत, जेव्हा या जागांपैकी जवळपास निम्म्या भरल्याच नाहीत. म्हणजे मुंबईहून जळगाव-भुसावळपर्यंतच्या गाड्यांत मुलं बसलेली, आणि भुसावळहून नागपूरपर्यंतच्या चारशे किलोमीटरभर गाड्या तयार, डबे तयार, आसनं तयार, फक्त बसायला कुणी नाही! कारणं आहेत. कुठे जुनी यंत्रं, कुठे निदेशकांची रिकामी पदं, कुठे मागणी नसलेला ट्रेड. सगळ्यात मोठं कारण मात्र घराघरात बसलेलं आहे: "मार्क कमी पडले, आता आयटीआयला टाका." एवढं अवाढव्य काम एवढ्या छोट्या वाक्यात मावत नाही. का मावत नाही ते बघायला एका वर्कशॉपमध्ये शिरू या.

फिटर ट्रेडच्या एका तुकडीत २० जण असतात. बेंचवर ओळीने व्हाइस, त्यात माइल्ड स्टीलचा चपटा तुकडा. त्याला इथे 'जॉब' म्हणतात. हातात कानस. आधी जाड दात्यांची, मग स्मूथ. पोरगं कानस पुढे रेटतं, लोखंड कापलं जातं. मागे ओढतं, काही कापलं जात नाही. पुन्हा पुढे. थोड्या वेळाने जॉब काढायचा, त्यावर काटकोन तपासायची ट्राय स्क्वेअर टेकवायची आणि दोन्ही मिळून खिडकीच्या उजेडाकडे धरायचं. फटीतून उजेडाची रेघ दिसली की काम बाकी आहे. परत व्हाइसमध्ये. रेघ नाहीशी होईपर्यंत हेच.

बघायला सोपं वाटतं ना? मोजून बघू. समजा मिनिटाला ४० वेळा कानस चालली आणि प्रत्येक वेळी २० सेंटीमीटर पुढे, २० सेंटीमीटर मागे गेली. तासाला २,४०० फेऱ्या. प्रत्येक फेरी ४० सेंटीमीटर. म्हणजे तासाला ९६० मीटर, जवळजवळ एक किलोमीटर! एका जागी उभ्या असलेल्या पोराचे हात तासाला एक किलोमीटर चालतात. असे दोनशे तास कानस चालली की झाले १९२ किलोमीटर. मुंबई ते पुणे, हाताने! आणि लोखंड कापलं जातं फक्त पुढे जाताना, म्हणजे खरी कमाई त्यातल्या ९६ किलोमीटरची, जवळपास कर्जतपर्यंतची. फिटरच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात प्रात्यक्षिकाचे तासच १,६८० आहेत. त्यातले दोनशे कानशीला गेले तरी ड्रिलिंग, टॅपिंग, वेल्डिंग, लेथ, पाइप, व्हॉल्व्ह, हायड्रॉलिक्स यांना १,४८० तास उरतात.

आणि अचूकता? इथे तर श्वास रोखून धरा. पहिल्या वर्षातलं पोरगं जो व्हर्निअर कॅलिपर हाताळतं, तो ०.०२ मिलिमीटरपर्यंत मोजतो. मायक्रोमीटर ०.०१ पर्यंत. हे केवढं, ते कळायला एक मिलिमीटर ताणा, इतका ताणा की तो मुंबई-पुणे होईल. १९२ किलोमीटरचा एक मिलिमीटर! या नकाशावर माणसाच्या केसाची जाडी कुठे येईल? केस साधारण ०.०७ मिलिमीटरचा, म्हणजे सीएसएमटीहून शीवपर्यंत. व्हर्निअरचं सगळ्यात लहान माप? भायखळ्यापर्यंत. मायक्रोमीटरचं? मशीद बंदर सोडलं की सँडहर्स्ट रोड, बस्स! मुंबई-पुण्याच्या अख्ख्या प्रवासात तुमचा अंदाज किती चुकला, हे सँडहर्स्ट रोडइतक्या बारकाईने सांगायचं. आणि हे सांगणारं पोर सतरा वर्षांचं!

आता एकाचे तास झाले, सगळ्यांचे मोजू. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात वर्षाला १,२०० तासांचं प्रशिक्षण आणि त्याशिवाय १५० तास प्रत्यक्ष कामाच्या जागी. दोन वर्षांचे मिळून २,७००. देशातल्या सगळ्या २५ लाख जागा भरल्या आणि सगळे दोन वर्षं शिकले असं धरा. तास झाले ६७५ कोटी! वर्षांत मोजले तर ७ लाख ७० हजार वर्षं. आपल्यासारखा माणूस पृथ्वीवर अवतरून साधारण ३ लाख वर्षं झाली असं शास्त्रज्ञ सांगतात. म्हणजे पहिल्या माणसाने पहिल्या दिवशी कानस हातात घेतली असती आणि जेवणाखाणाला, झोपेला न थांबता आजवर घासत राहिला असता, तरी त्याचं निम्मंही काम झालं नसतं. आपली मुलं तेवढे तास दोन वर्षांत उभे करू शकतात!

आणि समजा, या प्रत्येक तासाला प्रत्येकाच्या कपाळावरून घामाचा एकच थेंब पडला. एकच. तसे वीस थेंब मिळून एक मिलिलिटर. ६७५ कोटी थेंबांचं काय होईल? ३ लाख ३७ हजार लिटर. आपल्याकडची शेतातली विहीर डोळ्यांपुढे आणा, २० फूट रुंद, ४० फूट खोल. ती भरते! काठाला जेमतेम दोन फूट कमी. तासाला एका थेंबाने भरलेली विहीर!

बरं, दोन वर्षं संपली, परीक्षा झाली, प्रमाणपत्र मिळालं. पुढे? पुढे तर वाट रुंद होते. एक फाटा थेट पॉलिटेक्निकला: दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केलेल्याला डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळू शकतो, आणि डिप्लोमावाल्याला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षात. व्हाइससमोर उभं राहिलेलं पोरगं पदवीच्या दारात पोचतं, आणि त्याच्या हाताला लोखंडाची ओळख आधीच झालेली असते. दुसरा फाटा शिकाऊ उमेदवारीचा, म्हणजेच अप्रेंटिसशिपचा. कंपनीत जायचं, चालू यंत्रावर, चालू उत्पादनावर, जुन्या कारागिराच्या शेजारी उभं राहून शिकायचं आणि शेवटी परीक्षा देऊन राष्ट्रीय प्रमाणपत्र घ्यायचं. बारावी झालेल्यांना, दहावी झालेल्यांनाही हे दार उघडं आहे. कायद्याने वय १४ पूर्ण लागतं, धोक्याच्या उद्योगात १८.

आणि शिकताना फी भरायची नाही, उलट पैसे मिळतात! २०१९ च्या नियमांप्रमाणे दहावी झालेल्या उमेदवाराला महिन्याला किमान ६,००० रुपये, बारावी झालेल्याला किंवा आयटीआयचं प्रमाणपत्र असलेल्याला किमान ७,०००. २०१६ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत यातला चौथा हिस्सा, महिन्याला १,५०० रुपयांपर्यंत, केंद्र सरकार उचलतं. २०२५ मध्ये केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने विद्यावेतन ३६ टक्क्यांनी वाढवण्याची शिफारसही केली. योजना सुरू झाल्यापासून २०२५ च्या मध्यापर्यंत किती जण या वाटेने गेले? ४३ लाखांहून अधिक! बसवा वंदे भारतमध्ये. मुंबईहून निघालेली रांग सुरत, वडोदरा, रतलाम, कोटा, मथुरा करत दिल्लीला पोचते, दिल्लीत थांबत नाही, आणि थेट पानिपताला जाऊन भिडते. मुंबई ते पानिपत! या वेळी हातात स्पॅनर, मल्टिमीटर आणि वेल्डिंगचा होल्डर.

एवढ्यावर थक्क झालात? अजून मोठे आकडे तर पुढेच आहेत. आत्तापर्यंत जे झालं ते मोजलं. आता जे होऊ शकतं ते मोजू.

शिकाऊ उमेदवार अधिनियम १९६१ चा. त्याखालच्या नियमांनुसार ३० किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असलेल्या प्रत्येक आस्थापनेने आपल्या मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यायचे असतात. वाचताना रुक्ष वाटतं. पण देशात भविष्य निर्वाह निधी भरणारे कर्मचारी साधारण ७ कोटी आहेत, ते ढोबळमानाने धरा आणि टक्का लावा. अडीच टक्क्यांनी साडेसतरा लाख. पंधरा टक्क्यांनी एक कोटी पाच लाख! म्हणजे या एका नियमात एक कोटी मुलांची जागा आहे. ९,३०० वंदे भारत! कन्याकुमारीहून निघालेली रांग केरळ, आंध्र, नागपूर, भोपाळ करत, दिल्ली मागे टाकत पंजाबात शिरते. साडेतीन हजार किलोमीटर! नवा कायदा नको, नवी इमारत नको, नवा शोध नको. कारखाने आहेत, यंत्रं आहेत, शिकवणारे हात आहेत.

हे कुणी करून दाखवलंय का? जर्मनीने. तिथे शाळा संपल्यावर मुलगा किंवा मुलगी एखाद्या कंपनीशी प्रशिक्षणाचा करार करते. आठवड्यातले तीन-चार दिवस कंपनीत काम शिकायचं, एक-दोन दिवस व्यवसाय शाळेत, दोन ते साडेतीन वर्षं. सुतारकामापासून मेकाट्रॉनिक्सपर्यंत, बेकरीपासून बँकेपर्यंत तीनशेहून अधिक मान्यताप्राप्त व्यवसाय. साडेआठ कोटींच्या आतबाहेरच्या त्या देशात एका वेळी सुमारे १२ लाख जण अशा करारावर शिकत असतात. दर ७० माणसांमागे एक! महाराष्ट्रालाही ही वाट आता परकी नाही. २०२४ मध्ये बाडेन-व्युर्टेंबर्ग या जर्मन राज्याशी आपल्या राज्याचा करार झाला, सुरुवातीला १० हजार कुशल माणसं पाठवण्याचा. नऊ वंदे भारत भरून! आणि त्याच वर्षी जर्मनीने भारतीय कुशल कामगारांच्या व्हिसाची वार्षिक मर्यादा २० हजारांवरून ९० हजारांवर नेली. म्हणजे ८० गाड्या, दरवर्षी!

आपण कुठे आहोत? राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये आकडे दिले आहेत. १९ ते २४ वयाच्या आपल्या कामगारांत रीतसर व्यवसाय शिक्षण घेतलेले ५ टक्क्यांपेक्षाही कमी. अमेरिकेत ५२ टक्के, जर्मनीत ७५, दक्षिण कोरियात ९६. आपली २० जणांची तुकडी परत डोळ्यांपुढे आणा. कोरियात वीसातले एकोणीस शिकलेले. जर्मनीत पंधरा. अमेरिकेत दहा. आपल्याकडे एक, तोही जेमतेम! उरलेले एकोणीस काम करत नाहीत असं अजिबात नाही. ते गॅरेजमध्ये, साइटवर, वर्कशॉपमध्ये राबतायत, बघून बघून शिकतायत. फक्त त्यांच्या हाताला कुणी माप शिकवलेलं नाही आणि त्यांच्या कौशल्यावर कुणी शिक्का मारलेला नाही.

आता जर्मनीचा तो सत्तरात एक आपल्याला लावा. १४० कोटींना भागिले ७०. दोन कोटी! दोन कोटी शिकाऊ उमेदवार, एका वेळी. वंदे भारत किती? १७,७००! रांग ६,८०० किलोमीटर! भारतीय रेल्वेचं सगळं जाळं साधारण ६९ हजार किलोमीटरचं. म्हणजे देशातल्या प्रत्येक दहा किलोमीटर मार्गापैकी एक किलोमीटर फक्त शिकणाऱ्या मुलांनी भरलेला. एकट्या महाराष्ट्राच्या वाट्याला यातले जवळपास १८ लाख येतात, दहावीला बसणाऱ्या सगळ्या मुलांपेक्षा जास्त!

आणि त्यांचं विद्यावेतन? इथे रेल्वेचे रूळ अपुरे पडतात. एका उमेदवाराला महिन्याला ७,००० म्हणजे वर्षाला ८४,०००. पाचशेच्या १६८ नोटा. एक नोट १५ सेंटीमीटर लांब. एकीपुढे एक मांडल्या तर २५ मीटर, म्हणजे वंदे भारतचा एक डबा. एका मुलाची वर्षाची कमाई, एका डब्याएवढी. आता हेच दोन कोटी मुलांसाठी करा. एकूण १ लाख ६८ हजार कोटी रुपये. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनच्या मूळ अंदाजित खर्चाच्या दीडपट, आणि दरवर्षी, आणि सगळे तरुण मुलामुलींच्या बँक खात्यात! नोटा किती? ३३६ कोटी. लांबी? ५ लाख ४ हजार किलोमीटर! चंद्र आपल्यापासून सरासरी ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर आहे, मुंबई-पुण्याच्या दोन हजार खेपांएवढा. ही नोटांची रांग चंद्राला टेकते. टेकते आणि संपत नाही. उरलेल्या नोटांनी पृथ्वीला विषुववृत्तावरून जवळजवळ तीन प्रदक्षिणा होतात!

एवढी मोठी संख्या उभी कशी राहायची? लहान लहान शेडमधून. ४० माणसांचा कारखाना घ्या. कायद्याची किमान मर्यादा अडीच टक्के. ४० चे अडीच टक्के किती? एक! भोसरीत, अंबडला, वाळूजला, बुटीबोरीला, गोकुळ शिरगावला अशा शेड रांगेने उभ्या आहेत. मालकांनो, एकाला घ्या, जमलं तर पंधरा टक्क्यांपर्यंत जा. आईबाबांनो, निकालाच्या आठवड्यात अकरावीचा फॉर्म भरण्याआधी पोराला, पोरीला घेऊन जवळच्या आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये एक चक्कर मारा, आणि निदेशकांना विचारा की कोणत्या ट्रेडची मुलं कंपन्या मागून नेतात. आणि दहावी-बारावीच्या मुलांनो, व्हर्निअर एकदा हातात धरून बघा. एका शेडमध्ये एक पोरगा, पुढच्या शेडमध्ये एक पोरगी. एवढा एकचा आकडा आपण लिहू या, पुढची शून्यं लावायला हा देश पुरेसा मोठा आहे.